फोटोबाहेरचा हात

आमच्या दैनिकात फोटोखालच्या ओळी मी लिहितो. एकोणीस वर्षं झाली. हे नेमकं काय काम आहे, असं माझ्या सासऱ्यांनी एकदा विचारलं होतं, आणि त्यांना पटेल असं उत्तर मला त्यांच्या हयातीत सापडलं नाही. फोटोत आग दिसत असते, धूर दिसत असतो, पळणारी माणसं दिसत असतात. त्याखाली मी लिहितो, 'आगीमुळे परिसरात धावपळ.' मग लोकांची खात्री पटते की आग लागली होती.

फोटो स्वतःच बोलतो, असं काही जण म्हणतात. बोलत असेल. माझ्याशी कधी बोललेला नाही. माझ्या अनुभवात फोटो हा स्वभावाने गरीब. आपण जे म्हणू त्याला तो मान डोलावतो. एकाच ढगाच्या फोटोला मी 'पावसाची चाहूल', 'पावसाची हुलकावणी' आणि 'प्रदूषणाचा विळखा' अशा तीन ओळी तीन वर्षांत दिल्या आहेत. ढगाने तक्रार केली नाही.

जुने फोटो आमच्याकडे तारखेने ठेवलेले नाहीत, भावनेने ठेवलेले आहेत. ही व्यवस्था माझीच, आणि परवापरवापर्यंत मला तिचा अभिमान होता. संगणकात 'दुःख' नावाचा कप्पा, त्याच्या पोटात 'दुःख, वृद्ध', 'दुःख, तरुण', 'दुःख, पाण्यामुळे'. शेजारी 'आनंद'. त्यात 'आनंद, निकाल' आणि 'आनंद, पगारवाढ'. या शेवटच्या कप्प्यात एकच फोटो आहे आणि त्यातला माणूस आमच्या कार्यालयातला नाही.

तर एका शुक्रवारी दुपारी संपादकसाहेबांनी फर्मान काढलं. रविवारच्या पुरवणीचं पहिलं पान 'वृद्धांचं एकाकीपण' या विषयावर, चार वाजेपर्यंत मोठा फोटो हवा. आमचा छायाचित्रकार त्या दिवशी दात काढायला गेला होता. या गृहस्थाला आम्ही सगळे भिंग म्हणतो, कारण चष्म्यामागे त्याचे डोळे बशीएवढे दिसतात. भिंग नाही, तर मी 'दुःख, वृद्ध' उघडलं. सगळे फोटो वापरून झालेले. मग 'उन्हाळा' उघडलं. तिथे मला ती बाई सापडली.

सत्तरी ओलांडलेली. कुठल्याशा इमारतीबाहेरच्या बाकावर बसलेली, एक हात कपाळावर, डोळ्यांत पाणी, चेहऱ्यावर गडद सावली. एप्रिलमध्ये हाच फोटो मी 'उन्हाचा तडाखा' म्हणून छापला होता, कडा छाटून, अगदी लहान. आता नीट पाहिला तर उन्हाळा कुठला, हे तर शुद्ध एकाकीपण होतं! एकच अडचण होती. उजवीकडे दुसऱ्या कुणाचा तरी हात फोटोत घुसला होता. एकाकीपणात दोन माणसं बसत नाहीत. मी उजवी बाजू आणि वरची पट्टी कापली आणि खाली लिहिलं :

'डोळ्यांत पाणी, चेहऱ्यावर सावली, शेजारी कुणी नाही.'

साहेब स्वतः केबिनमधून उठून माझ्या टेबलापर्यंत आले. "डोळ्यांत पाणी आलं रे माझ्या," म्हणाले. एकोणीस वर्षांत साहेबांचे डोळे फक्त कांद्याने आणि खपाच्या आकड्यांनी ओले झाले होते. मी त्या दिवशी घरी जाताना दोन वेळा स्वतःशी हसलो.

सोमवारी पत्रांचा पाऊस पडला. एका वाचकाने त्या बाईंसाठी पांघरूण पाठवलं. एका निवृत्त शिक्षकांनी सोळा कडव्यांची कविता पाठवली. एका जोडप्याने आजींना आपल्या घरी ठेवून घ्यायची तयारी दाखवली आणि खाली टीप दिली, 'स्वयंपाक येत असल्यास प्राधान्य.'

मंगळवारी सकाळी एक बाई आल्या. पंचेचाळिशीच्या. गळ्यातली मोजायची टेप काढायची राहून गेलेली, हातात आमची पुरवणी.

"फोटोखालचं कोण लिहितं?"

सगळ्या विभागाने माझ्याकडे बोट दाखवलं. एरवी या लोकांना माझं नाव आठवायला वेळ लागतो. मला वाटलं, कौतुक करायला आल्या असतील. मी कॉलर सारखी केली आणि "बसा ना," म्हटलं.

त्या बसल्या नाहीत. पुरवणी टेबलावर पसरली. "ही माझी आई," म्हणाल्या. "आणि इथं माझा हात होता. तो कुठे गेला?"

मी पाहतच राहिलो.

"बघताय काय? हे बघा, बाहीचं टोक राहिलंय. निळं. कापायचं तर नीट तरी कापायचं. मी पडदे शिवते. असं काम दिलं तर गिऱ्हाईक तोंडावर फेकून मारेल."

"त्याचं असं आहे ताई..."

"कसं आहे ते मी सांगते." त्यांनी माझ्या ओळीवर बोट ठेवलं आणि एकेक शब्द उसवायला घेतला. "डोळ्यांत पाणी. ते औषधाचं. डोळ्यांच्या दवाखान्यात तपासायच्या आधी थेंब घालतात, बाहुल्या मोठ्या व्हायला. आत फरशी पुसायला काढली, म्हणून सगळ्या पेशंटना बाहेर बसवलं. थेंब घातल्यावर उजेड सोसत नाही, म्हणून तिनं कपाळावर हात धरलाय. चेहऱ्यावर सावली. ती माझी. मी तिच्या डोक्यावर दवाखान्याची फाईल धरली होती. आणि शेजारी कुणी नाही." इथे त्या थांबल्या. "शेजारी मी होते."

हात दाखवून अवलक्षण, असं म्हणतात. मी हात लपवून ते केलं होतं.

"आम्ही खुलासा छापू," मी म्हटलं.

"कुठे?"

"पाचव्या पानावर. खाली."

"पाचव्या पानात आम्ही पडद्याच्या कड्या बांधून देतो. खुलासा नको मला. पूर्ण फोटो द्या. हातासकट."

मग खुर्चीत बसून त्यांनी सांगितलं ते असं. त्यांना एक थोरला भाऊ, दुसऱ्या शहरात, चौदाव्या मजल्यावर. त्याच्या बायकोला कुणीतरी फोनवर आमचा फोटो पाठवला, 'किती निर्दयी असतात मुलं' असं वर लिहून. तिने नवऱ्याला दाखवला. नवऱ्याने आईला ओळखलं. त्याच रात्री बहिणीला फोन. येत्या शनिवारी गाडी घेऊन येतोय, आईचं सामान बांधून ठेव, डोळ्याचं ऑपरेशनही इकडेच करू.

"त्यात वाईट काय आहे?" असं विचारण्याचा मूर्खपणा मी केला.

"तिला आता फक्त उजेड-अंधार कळतो. साखरेमुळे ऑपरेशन दोनदा पुढे गेलं, आता पुढच्या गुरुवारची तारीख मिळालीय. पण आमच्या घरात तिला कुणाचा हात लागत नाही. भिंत कुठे वळते, उंबरा कुठे आहे, पाण्याचा तांब्या कुठे, सगळं तिच्या हातांना पाठ आहे. चाळीस वर्षं त्याच घरात आहे ती. तिला चौदाव्या मजल्यावर नेऊन ठेवलं की ती खरंच आंधळी होईल." त्यांनी टेपचं टोक बोटाला गुंडाळलं. "आणि दादाला मी हे सांगितलं, तर तो म्हणतो, फोटो खोटं बोलत नाही."

"दादा काय करतात?"

"विमा कंपनीचा सर्वेअर आहे. ठोकलेल्या गाड्यांचे फोटो बघून कोण खोटं बोलतंय ते सांगतो."

मला एकदम घाम फुटला.

एवढ्यात भिंग आला. गाल सुजलेला, दात गेलेला. मी त्याला मूळ फोटो उघडायला लावला. 'पूर्ण फोटो पाहिला की प्रश्न मिटला,' असं मी बाईंना छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं.

पूर्ण फोटो पडद्यावर आला.

डावीकडे आई, कपाळावर हात, डोळ्यांत पाणी. उजवीकडे मुलगी. मुलीच्या कानाला फोन, तोंड उघडं, मान दुसरीकडे, कपाळावर आठ्या. आणि तिचा उजवा हात वर, हातात जाडजूड फाईल, आईच्या बरोबर डोक्यावर.

"मी..." बाई फोटोवर वाकल्या. "मी मारतेय का तिला?"

"छे छे," भिंग सुजलेल्या तोंडाने म्हणाला. "नुसती उगारलीय."

मी त्याच्या पायावर पाय दिला. पण खरं सांगायचं तर मलाही तेच दिसत होतं. माझ्या कातरीने या बाईंना आईला सोडून गेलेली मुलगी केलं होतं. कातर काढून घेतल्यावर त्या आईला बडवणारी मुलगी झाल्या. आगीतून फुफाट्यात. खरी गोष्ट फोटोच्या आतही नव्हती आणि बाहेरही नव्हती, मग ती होती कुठे, हे एकोणीस वर्षांच्या अनुभवी माणसाला सांगता येईना.

"आपण खाली एक ओळ लिहू," मी म्हटलं. सवय.

"खबरदार," बाई म्हणाल्या.

मग भिंगाने डोकं खाजवलं आणि अपराधी चेहऱ्याने सांगितलं, "त्या दिवशीचे आणखी दहा आहेत."

भिंगाची ही खोड सगळ्या कार्यालयाला माहीत आहे. तो काहीही पुसत नाही. डोळे मिटलेले, मान कापलेली, मधे कुत्रं आलेलं, सगळं साठवून ठेवतो. 'अशाने जागा संपते' या विषयावर मी त्याच्याविरुद्ध तीन चिठ्ठ्या साहेबांना लिहिलेल्या आहेत, त्यातली एक यमक जुळवून. त्या दुपारी हा इसम समोरच्या झाडाखाली सरबत पीत बसला होता. म्हातारी कधी घाम पुसते याची वाट बघत अधूनमधून बटण दाबत होता. तिने घाम पुसला नाही. म्हणून अकरा फोटो.

अकराही पाहिले. मला ते अकरा वाईट फोटो दिसले. बाईंना ते अकरा वेळा मारणं दिसलं. तरी त्या म्हणाल्या, "सगळे छापून द्या. आणि शनिवारी तुम्हीही या. लिहिलंत तुम्ही, निस्तरा तुम्ही."

मी हो म्हटलं. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

शनिवारी अकरा वाजता मी आणि भिंग त्या घरी पोचलो. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन आणि छताला भिडलेले पडद्याचे गठ्ठे. ज्या घरात सगळ्या गावाचे पडदे तयार होत होते, तिथल्या खिडकीला मात्र पडदा नव्हता. खिडकीशी फोटोतल्या त्याच म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या आणि मांडीवरच्या डब्यातून पितळी कड्या चाचपून दोरीत ओवत होत्या, बारा झाल्या की गाठ.

"आजी, नमस्कार," मी म्हटलं.

"कोण?"

"वर्तमानपत्रातून आलोय. तो फोटो..."

"अगंबाई, तुम्हीच का! किती वय तुमचं?"

"बावन्न."

"मग मावशी म्हणा. आजी काय?" त्यांनी कडी ओवली. "मला म्हणे फार दुःखी दाखवलंय. शेजारणीने वाचून दाखवलं आणि रडली. मी म्हटलं, अगं, मी इथं आहे की जिवंत, माझ्यासमोर काय रडतेस? पण चांगलं लिहिलंय हो. मलाही वाईट वाटलं त्या बाईबद्दल."

ज्या माणसाला कोर्टात खेचायला हवं होतं, त्याला या घरात आधी पाणी मिळालं आणि मग चहा. भिंगाचा गाल सुजलाय हे ऐकल्यावर मावशींनी त्याच्यासाठी चहा बशीत निववायला लावला. मी मान खाली घालून प्यालो. असं आदरातिथ्य फार लागतं माणसाला.

तेवढ्यात दादा आले. पंचावन्नच्या आसपास, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. हातात आईसाठी रिकामी, नवी कोरी बॅग. त्यांनी बॅग दाराशी ठेवली, आईच्या पाया पडले, बहिणीकडे पाहिलं नाही.

"सामान कुठाय?"

"दादा, आधी हे बघ," बहीण म्हणाली.

"मी बघितलंय. सगळ्या जगाने बघितलंय."

मग मी उभा राहिलो, आणि शाळेत गृहपाठ न केल्यावर बोलायचो त्या आवाजात सगळं सांगितलं. ओळ माझी, कातर माझी, चूक माझी. दादांनी शांतपणे ऐकून घेतलं. अपघातानंतर ड्रायव्हर काय बोलतो ते ऐकायची त्यांना सवय असावी.

"पूर्ण फोटो द्या," म्हणाले.

मी अकराच्या अकरा हातात ठेवले. वरचाच तो, फाईल उगारलेला. दादांनी तो पाहिला, मग बहिणीकडे पाहिलं. ती मशीनवरच्या कापडाची सुरकुती काढत बसली.

"हा एक नंबरवर का?"

"वर आला म्हणून वर आहे," मी म्हटलं. "क्रम असा काही..."

"क्रमाशिवाय फोटो म्हणजे काय?" दादा म्हणाले. "एका फोटोवर मी कुणाचा दावा मंजूर करत नाही आणि नाकारतही नाही. गाडी उभी होती की चालत होती, हे एका फोटोत कळत नाही. वेळ कुठाय?"

"कॅमेऱ्यातलं घड्याळ बंद आहे," भिंग म्हणाला. "दोन वर्षं झाली."

"भिंतीवरचं चालू आहे," दादा म्हणाले.

बाकाच्या मागे दवाखान्याच्या भिंतीवर घड्याळ होतं. ते अकराही फोटोंत होतं. आम्ही दोघं मंगळवारपासून ते फोटो बघत होतो आणि दोघांनाही ते दिसलं नव्हतं. भिंगाचा चष्मा तर माझ्यापेक्षा जाड.

दादांनी गठ्ठ्यावरचे पडदे बाजूला सारले, जमिनीवर मांडी घातली आणि फोटो ओळीने लावायला घेतले. बारा दहा. बारा बारा. बारा पंधरा. त्यांचं हे कामच, त्यामुळे चेहऱ्यावर काही नव्हतं. लावून झाल्यावर पहिल्यापासून बोट फिरवत गेले. बोट पाचव्यावर थांबलं. मागे गेलं. पुन्हा पुढे आलं.

"उजवा," ते पुटपुटले. "उजवा, उजवा, उजवा. आता डावा." पुढे सरकले. "डावा, डावा. परत उजवा."

आम्ही वाकून पाहिलं. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं. हात बदलत होता, फाईल बदलत नव्हती. ती प्रत्येक फोटोत त्याच जागी होती, मावशींच्या डोक्यावर, वीतभर वर. नवव्या फोटोत बाईंनी फोन मान वाकडी करून खांद्याने कानाशी दाबला होता आणि दोन्ही हात वर धरले होते. अकराव्यात फाईल मधोमध वाकली होती. सावली मात्र अकराही फोटोंत मावशींच्या तोंडावर होती, डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत. मारणारा हात खाली येतो. हा एकदाही आला नव्हता.

"बारा दहा ते बारा एकतीस," दादा म्हणाले. "एकवीस मिनिटं."

त्यांनी स्वतःचा उजवा हात वर केला, बघायला, आणि तसाच धरून ठेवला. दोन मिनिटांतच दंड थरथरायला लागला. त्यांनी तो खाली घेतला.

"काळा चष्मा कुठे होता? मी पाठवला होता ना?"

"मी घालत नाही तो," मावशी खिडकीशी बसल्या जागेवरून म्हणाल्या. "त्यात मी दरोडेखोर दिसते."

"आणि एकवीस मिनिटं फोनवर कुणाशी बोलत होतीस तू?" दादांनी बहिणीला विचारलं. आवाजात अजून थोडा सर्वेअर शिल्लक होता.

कापडाला आता एकही सुरकुती नव्हती, तरी बहीण ती काढत होती.

"तुझ्याशी," मावशी म्हणाल्या.

त्यांनी पुढची कडी ओवली.

"मला दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. आईकडे तुझं लक्ष नाही, असं म्हणत होतास. आईला उन्हात नेऊ नकोस, असंही म्हणालास. ही 'हो दादा, हो दादा' करत होती. सतरा वेळा म्हणाली. मोजायची सवय आहे मला." त्यांनी बाराव्या कडीला गाठ मारली. "बाकी मला काही विचारू नका. पण ऊन लागलं नाही, एवढं ठाऊक आहे."

दादांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"तू सांगितलं का नाहीस तेव्हा? हात वर आहे म्हणून?"

"तू विचारलंस का?" बहीण म्हणाली. "आणि सांगून काय? फोनवर हात दिसत नाही, दादा."

ती रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती साधं म्हणाली. भिंग माझ्या कानात कुजबुजला, "पुसले असते तर?" मी त्याचा हात दाबला. त्या क्षणी मला तो माणूस जितका आवडला तितकं आमच्या व्यवसायातलं कुणी आवडलेलं नाही. माझ्या तीन चिठ्ठ्यांपैकी एक जरी साहेबांनी मनावर घेतली असती, तर ही बाई जन्मभर त्या एकाच फोटोत अडकून पडली असती, फाईल उगारून.

शेवटी दादा उठले. दाराशी ठेवलेली बॅग उचलली. बहिणीचा चेहरा उतरला. त्यांनी बॅग आत नेली आणि कोनाड्याशेजारी ठेवली.

"माझे कपडे गाडीत आहेत," म्हणाले. "ह्यात राहतील. गुरुवारपर्यंत थांबतो. थेंब किती वेळाने घालायचे, ते लिहून दे."

"लिहून काय द्यायचं? रोज तीनदा."

"तरी लिहून दे."

"कोपऱ्यातल्या खुर्चीला ठेच लागेल हां," मावशी म्हणाल्या. "आंधळ्यासारखा चालू नकोस घरात."

पुढच्या रविवारी खुलासा छापून आला, आणि पहिल्याच पानावर. साहेबांशी त्यावरून माझी खडाजंगी झाली, पण अकरा फोटोंची ओळ पाहिल्यावर ते मऊ झाले. अकराही फोटो छापले, आडवे, घड्याळासकट. खाली जागा सोडली होती, ओळीसाठी. मी तीन तास बसलो आणि फक्त दोन वेळा लिहिल्या, पहिल्या फोटोखाली 'बारा दहा' आणि शेवटच्याखाली 'बारा एकतीस'. एकोणीस वर्षांत माझं काम इतकं कमी शब्दांत कधी झालं नव्हतं. पत्रं पुन्हा आली. एका वाचकाने विचारलं, मग मी आधी रडलो त्याचं काय? आजी ठेवून घेऊ पाहणाऱ्या जोडप्याने विचारलं, दुसरी कुणी आहे का?

ऑपरेशन त्याआधीच, गुरुवारी झालं होतं. त्यानंतर दहाएक दिवसांनी पडदेवाल्या बाईंचा फोन आला. आईला तुम्हा दोघांना बघायचंय, जेवायलाच या.

गेलो. मावशींच्या डोळ्यावरची पट्टी निघाली होती. त्यांनी मला खालीवर न्याहाळलं. "आवाजावरून उंच वाटला होतात," म्हणाल्या. भिंगाला म्हणाल्या, "तुम्ही बरे आहात." दादा अजून तिथेच होते. रजा वाढवली होती. खांद्यावर पंचा टाकून ताटं मांडत होते आणि प्रत्येक ताटाची जागा बहिणीला विचारत होते.

मावशींनी अजून फोटो पाहिले नव्हते. डॉक्टरांनी बारीक बघायला मनाई केली होती, ती आजच उठली होती. बाईंनी अकराही त्यांच्यापुढे ठेवले. मी जरा सरसावून बसलो. आता त्या हाताबद्दल काही बोलतील, सावलीबद्दल बोलतील, असं मला वाटलं. आम्हा सगळ्यांना जे कळायला आठवडा लागला होता ते.

मावशींनी पहिला फोटो उचलला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. स्वतःकडे तर त्यांनी पाहिलंच नाही. मग दुसरा. मग नववा, तो मान वाकडी केलेला. तो त्यांनी खाली ठेवला नाही.

"किती वाळली होतीस गं तू," म्हणाल्या.

"काहीतरीच काय?" बाई म्हणाल्या.

"काहीतरीच नाही. गळ्याची हाडं बघ. मी रोज विचारायचे, जेवलीस का. रोज म्हणायचीस, पोटभर. मला दिसत नाही म्हणून वाटेल ते सांगायचीस." त्यांनी फोटो दादांपुढे धरला. "तुला दिसलं का हे?"

दादांनी पाहिलं. त्यांनी ते अकरा फोटो तोपर्यंत शंभरदा पाहिले असतील, घड्याळासकट. ते खरं तेच म्हणाले. "नाही दिसलं, आई."

"तुम्हाला?"

"नाही, मावशी," मी म्हटलं.

"मग तुम्ही लोक बघता तरी काय?"

बाईंनी तोंड फिरवलं होतं आणि त्या उगाच मशीनचं झाकण लावत होत्या. मावशी उठल्या, कशालाही हात न लावता, भिंत न चाचपता सरळ चालत त्यांच्यापर्यंत गेल्या आणि दंडाला धरून त्यांना पहिल्या ताटावर बसवलं.

"आधी हिला वाढ," त्यांनी दादांना सांगितलं. "पाहुणे थांबतील."

आम्ही आनंदाने थांबलो.